आधी टायर, मग रिम

स्पोर्ट्स कार हातात आली की पहिली खाज सुटते ती चाकांची. एक्झॉस्ट, सस्पेन्शन, इंजिन ट्यून ही सगळी मंडळी रांगेत मागे. कारण चाकं दिसतात. गाडी नुसती उभी असली तरी दिसतात. मग आधी डिझाइन पसंत पडतं, त्या डिझाइनमध्ये मिळणारी सगळ्यात मोठी साइज मागवली जाते, आणि खिशात जे उरलं त्यात टायर. हे वरातीमागून घोडं झालं. रस्त्याला धरतो तो टायर. रिमचं काम त्या टायरला नीट सांभाळायचं. म्हणून निवड टायरपासून सुरू करावी आणि रिम त्याच्या मापाने बघावी, असं माझं ठाम मत आहे.

आकडे हवेत लटकू नयेत म्हणून एकच गाडी धरू: २०१२ साली आलेली टोयोटाची जीटी ८६. दोन लिटरचं इंजिन, ताकद मागच्या चाकांना, वजन साधारण १,२४० किलो, टायर २१५/४५ आर १७ (या आकड्यांची फोड पुढे येईलच). वजन चारही चाकांवर सारखं वाटलंय असं मानलं तर एका टायरच्या वाट्याला ३१० किलो आले. टायरमध्ये ३२ पीएसआय हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो दाब. वजनाला हवेच्या दाबाने भागलं की रस्त्याला टेकलेला भाग निघतो सुमारे १३८ चौरस सेंटिमीटर, म्हणजे १२ बाय १२ सेंटिमीटरहूनही जरा कमी. मोठ्या माणसाचा तळहात. साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, तीही थोडा भार पेलते, त्यामुळे खरा आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण अंदाज हाच. ब्रेक, वळण, पिकअप, सगळा व्यवहार या चार तळहातांवर चालतो.

या हिशेबात टायरची रुंदी कुठे आलीच नाही, हे लक्षात आलं का? तेवढंच वजन आणि तेवढीच हवा असेल तर रुंद टायर लावल्याने टेकलेला भाग फारसा वाढत नाही. त्याचा आकार बदलतो. लांबट होता तो आखूड आणि रुंद होतो. वळणावर त्याचा फायदा होतो: स्टीअरिंग चटकन ऐकलं जातं, रबर कमी तापतं, आणि जास्त मऊ रबर वापरायला वाव मिळतो. पण पावसात त्याच रुंद टायरला पुढचं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, आणि ते जमलं नाही की टायर पाण्यावर तरंगायला लागतो. ‘रुंद म्हणजे जास्त ग्रिप’ हे वाक्य कोरड्या रस्त्यावर अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं काम रबर करतं.

जीटी ८६ ची गोष्ट इथे बोलकी आहे. टोयोटाने या गाडीला मिशलिन प्रायमसी एचपी दिले, प्रियस या काटकसरी हायब्रीडवरही वापरले जाणारे टायर. स्पोर्ट्स कारला असले टायर? मुद्दामच. ग्रिप बेताची ठेवली की मर्यादा कमी वेगातच समोर येते, गाडीची मागची बाजू हळूच सरकते, आणि चालवणाऱ्याला मजा येते. पुढे २०२१ मध्ये आलेल्या जीआर ८६ च्या वरच्या मॉडेलला २१५/४० आर १८ मापाचे मिशलिन पायलट स्पोर्ट ४ मिळाले. रुंदी बघा, तीच २१५. गाडीचा स्वभाव बदलला तो मुख्यतः रबराने. आता अशा हलक्या, बेताच्या ताकदीच्या गाडीवर कुणी २५५ चे चिकट टायर चढवले तर ती वळणात चिकटेल खरी, पण इंजिन एकदम अशक्त वाटायला लागेल आणि तो खेळकरपणा संपेल. गाडीचं काय आवडतं, हे आधी स्वतःला विचारलेलं बरं.

कसला टायर?

टायरच्या जाती अनेक, पण स्पोर्ट्स कारवाल्याला कामाच्या तीन. पहिला रोजच्या वापराचा उन्हाळी परफॉर्मन्स टायर: कोरड्यात चांगला, पावसातही भरवशाचा. दहांतल्या नऊ जणांनी इथेच थांबावं. दुसरा ‘ट्रॅक डे’च्या, म्हणजे स्वतःची गाडी रेसट्रॅकवर पळवायला नेणाऱ्या हौशी लोकांचा चिकट टायर, ज्याला ‘दोनशे ट्रेडवेअर’ म्हणतात. तिसरा सेमी-स्लिक: नक्षी जेमतेम, तापला की गोंदासारखा आणि थंड असताना बेभरवशाचा. हा तिसरा टायर रोजच्या रस्त्यावर बहुतेक वेळा थंडच असतो. म्हणजे सगळ्यात महागडा टायर घेऊन सगळ्यात कमी ग्रिप वापरायची.

ट्रेडवेअरचा आकडा अमेरिकेतल्या पद्धतीचा आहे. एका प्रमाण टायरला १०० धरून दुसरा त्याच्या किती पट टिकेल हे त्यात सांगतात. मात्र तो आकडा कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे एका कंपनीच्या २०० ची दुसरीच्या २०० शी तुलना डोळे मिटून करू नये. थंड प्रदेशात राहणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: तापमान साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की उन्हाळी टायरचं रबर ताठरतं आणि बर्फ नसतानाही पकड सुटते. तिथे हिवाळ्याचे वेगळे टायर ही चैन नव्हे. ते एक इंच लहान रिमवर चढवून ठेवले की मोसम बदलताना नुसती चाकं बदलली, काम झालं.

टायरवरची लिपी

२१५/४५ आर १७ ८७ डब्ल्यू. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. ४५ म्हणजे साइडवॉलची उंची, पण मिलिमीटरमध्ये नाही, रुंदीच्या टक्क्यांत. २१५ चे ४५ टक्के म्हणजे जवळजवळ ९७ मिलिमीटर. इथेच बरेच जण फसतात; रुंदी वाढवून ४५ तसाच ठेवला तर टायर उंचही होतो. ‘आर’ म्हणजे रेडियल, १७ रिमचा व्यास इंचात. (एकाच लिपीत मिलिमीटर, टक्के आणि इंच एकत्र नांदतात. ही खिचडी कुणी शिजवली त्यालाच माहीत.) ८७ हा लोड इंडेक्स, म्हणजे एक टायर ५४५ किलो पेलतो. ‘डब्ल्यू’ म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंतचा वेग; ‘व्ही’ २४० पर्यंत, ‘वाय’ ३०० पर्यंत. नवा टायर निवडताना लोडचा आकडा आणि वेगाचं अक्षर ही दोन्ही मूळच्याइतकी किंवा वरची असावीत. त्यात काटकसर नको.

आता व्यास. १७ इंच म्हणजे ४३१.८ मिलिमीटर; त्यात दोन्ही बाजूंची साइडवॉल मिळवली की पूर्ण टायर ६२५ मिलिमीटरचा. हा आकडा आपला खुंटा. रिम मोठी करायची असेल तर साइडवॉल तेवढीच कमी करून या खुंट्याजवळ राहायचं. २१५/४० आर १८ चा व्यास ६२९, जवळपास तोच. २२५/४० आर १८ चा ६३७, दोन टक्के जास्त, तरी चालण्यासारखा. आणि कुणी नुसतं ‘१८ इंची, रुंद’ एवढं ऐकून २४५/४५ आर १८ उचलला तर व्यास ६७८, म्हणजे मूळच्यापेक्षा आठ टक्के वर. स्पीडोमीटर चाकाचे फेरे मोजतो. मूळ टायरवर काटा अचूक होता असं धरलं तरी आता तो १०० दाखवेल तेव्हा गाडी १०८ ने पळत असेल. गिअर लांबल्यासारखे होतील, पिकअप मंदावेल, एबीएसचे हिशेब मूळ घेरावर बेतलेले असतात ते बिघडतील, आणि टायर मडगार्डला घासेल ते वेगळंच. तीन टक्क्यांच्या आत राहा असं म्हणतात. मी दोन म्हणेन.

मोठी रिम घ्यायचीच असेल तर तिचं खरं कारण एकच: मोठे ब्रेक आत मावायला जागा. त्यापलीकडे प्रत्येक जादा इंच साइडवॉलमधून जातो, आणि खड्ड्यात रिमला वाचवणारी ती साइडवॉलच. जीटी ८६ वर १९ इंची चाक आणि २२५/३५ टायर घातला की ९७ ची उशी ७९ मिलिमीटरवर येते. गाडी बनवणाऱ्यांनाही हे उशिरा कळतं. होंडाने २०१७ च्या सिव्हिक टाइप आरला २० इंची चाकं आणि २४५/३० टायर दिले. २०२२ मध्ये आलेल्या पुढच्या पिढीत चाक १९ वर आणलं आणि टायर २६५/३० केला. चाक लहान, टायर रुंद. जगभर सगळे उलट्या दिशेने धावत असताना हे केलं, याचं मला कौतुक वाटतं.

बसेल का?

टायर ठरला. आता रिम. पहिली चाळणी पीसीडीची: बोल्ट किती आणि ते ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास किती. जीटी ८६ ला ५ बाय १००. बऱ्याच जपानी गाड्यांना ५ बाय ११४.३, बऱ्याच जर्मन गाड्यांना ५ बाय ११२, पोर्शच्या ९११ ला ५ बाय १३०. इथे ‘जवळजवळ जुळतंय’ असलं काही नसतं. ११२ ची रिम ११४.३ च्या हबवर (गाडीच्या ज्या भागावर चाक आवळतात त्यावर) जोर करून बसल्यासारखी वाटते. फरक सव्वादोन मिलिमीटरचाच. पण नट तिरके बसतात, ताण एका बाजूला येतो, आणि पुढे जे होतं ते वेगात होतं.

दुसरी चाळणी मधल्या भोकाची. हबच्या मध्यावर एक गोल उंचवटा असतो, त्यावर चाक नेमकं बसायला हवं. जीटी ८६ चा उंचवटा ५६.१ मिलिमीटरचा. बाहेरच्या कंपन्या एकच रिम अनेक गाड्यांना विकता यावी म्हणून भोक मोठं ठेवतात, उदाहरणार्थ ७३.१, आणि मधली फट भरायला एक कडं देतात. हे कडं चिमूटभर, पण त्याच्या अभावी माझ्या एका मित्राने महिनाभर डोकं धरलं होतं. नवी चाकं लावल्यापासून गाडी नव्वदच्या वर गेली की स्टीअरिंग थरथरायचं. बॅलन्सिंग दोनदा झालं, अलाइनमेंट झालं, टायर बदलून द्या म्हणून भांडण झालं. शेवटी चाक उतरवून बघितलं तर कडं नव्हतंच. चाक फक्त नटांवर लटकलं होतं, मध्यापासून केसभर सरकलेलं.

तिसरी चाळणी ऑफसेट, आणि सगळा गोंधळ इथेच. रिमच्या रुंदीच्या बरोबर मध्यातून एक रेष गेली आहे अशी कल्पना करा. रिम हबला जिथे टेकते ती जागा या रेषेपासून किती मिलिमीटर दूर, तो ऑफसेट. ती रेषेच्या बाहेरच्या बाजूला असेल तर ऑफसेट पॉझिटिव्ह, आतल्या बाजूला असेल तर निगेटिव्ह. रिमवर तो ‘ईटी’ म्हणून लिहितात. मूळ शब्द जर्मन. ईटीचा आकडा मोठा तितकं चाक मडगार्डच्या आत, लहान तितकं बाहेर.

जीटी ८६ ची मूळ रिम ७ इंच रुंद, ईटी ४८. समजा ८ इंच रुंद, ईटी ३५ ची घेतली. रुंदी एक इंचाने वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना १२.७ मिलिमीटर. ऑफसेट १३ ने उतरला, म्हणजे अख्खं चाक १३ मिलिमीटर बाहेर. बाहेरची कड १२.७ अधिक १३, एकूण २५.७ मिलिमीटर बाहेर आली. आतली कड १२.७ आत जायची ती १३ बाहेर ओढली गेली, म्हणजे होती तिथेच. आता तीच ८ इंची रिम ईटी ४५ ची घ्या: बाहेर १५.७, आत ९.७. आत शॉकअॅब्सॉर्बर आहे, बाहेर मडगार्ड आहे. कुणाकडे किती जागा शिल्लक आहे ते मूळ चाक लावलेलं असतानाच मोजून ठेवायचं. एक कागद, एक पट्टी, दहा मिनिटं. हे गणित ज्याला जमलं त्याला कुणी चुकीची रिम गळ्यात मारू शकत नाही.

मोजताना गाडी सरळ उभी असून भागत नाही. स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, आणि सस्पेन्शन दबल्यावर काय होईल तेही. चौघे जण बसलेली गाडी उंचवट्यावरून वळते तेव्हा टायर मडगार्डच्या कडेला गाठतो.

चाक खूप बाहेर काढलेली गाडी ऐटदार दिसते, हे मान्य. पण किंमत स्टीअरिंग मोजतं. पुढचं चाक वळतं ते एका तिरप्या अक्षाभोवती, आणि हा अक्ष जमिनीला टायरच्या मध्याजवळ कुठेतरी भेटतो. चाक बाहेर सरकवलं की त्या जागेचं टायरच्या मध्यापासूनचं अंतर बदलतं. मग रस्त्यावरची प्रत्येक चरी स्टीअरिंग ओढते, एका चाकाखाली वाळू आली की ब्रेक मारताना गाडी एका अंगाला खेचते, आणि बेअरिंगवर जादा ताण येतो. पाच-दहा मिलिमीटरचा बदल बहुतेक गाड्या पचवतात. पंचवीसचा बदल ‘काही होत नाही’ म्हणून खपवला जातो, तो मला पटत नाही.

रिमची रुंदी आणि टायरची रुंदी यांचंही जुळावं लागतं. प्रत्येक टायरला कंपनी ठरावीक पल्ला देते: २१५/४५ आर १७ ला ७ ते ८ इंच, २२५/४५ आर १७ ला ७ ते साडेआठ. अरुंद टायर रुंद रिमवर ताणून बसवायची फॅशन आहे. दिसायला काहीही असो, त्यात साइडवॉल तिरकी होते, रिमची कड उघडी पडते आणि टायर रिमवरून सुटण्याचा धोका वाढतो. आणि ब्रेक विसरू नका: १७ इंची दोन रिमांमध्ये एकीचे स्पोक कॅलिपरला (ब्रेकची डिस्क दाबणाऱ्या भागाला) मोकळा सोडतात, दुसरीचे घासतात. व्यास सारखा असला म्हणून आतली जागा सारखी नसते.

वजन, आणि ते कुठे आहे

चाकाचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं, म्हणून खड्ड्यावर ते जितकं कमी तितका टायर रस्त्याला चिकटून राहतो. शिवाय चाक गाडीबरोबर पुढेही जातं आणि स्वतःभोवतीही फिरतं, म्हणजे त्याला दोनदा ढकलावं लागतं. टायरच्या नक्षीवरचा एक किलो पिकअपच्या हिशेबात जवळजवळ दोन किलोंसारखा वागतो. १७ इंची रिमच्या कडेचा एक किलो साधारण दीड किलोसारखा. हबजवळचा जेमतेम एक. मोठी रिम म्हणजे अल्युमिनियम मध्यापासून दूर नेलं. त्यामुळे १९ इंची ‘हलकी’ रिम १७ इंची साध्या रिमपुढे प्रत्यक्षात हरू शकते. तुलना करताना टायरचंही वजन विचारा. कित्येकदा तो रिमपेक्षा जड असतो.

रिम बनते तीन तऱ्हांनी. ओतीव: वितळलेला अलॉय साच्यात, स्वस्त आणि जड. फ्लो-फॉर्म्ड: मधला भाग ओतीव, पण कडेचा पट्टा रोलरखाली दाबून ताणलेला, त्यामुळे तिथे धातू पातळ आणि मजबूत. फोर्ज्ड: घट्ट ठोकळा प्रचंड दाबाने दाबून घडवलेली, सर्वांत हलकी आणि चिवट, किंमतही तशीच. जपानी रेज कंपनीची टीई ३७ ही फोर्ज्ड रिम १९९६ पासून चालत आली आहे. नावातले ३७ म्हणजे १५ इंची आकारातलं ३.७ किलो वजन. त्याही पुढे कार्बन फायबर. फोर्डने शेल्बी जीटी ३५० आर या मस्टँगला कारखान्यातूनच तसली चाकं दिली. तुमच्या-माझ्या व्यवहारात मात्र फ्लो-फॉर्म्ड हा सोन्याचा मध्य.

या टीई ३७ सारख्या गाजलेल्या डिझाइनच्या नकला ढिगाने मिळतात. दिसतात तशाच; आतला धातू कुठला, उष्णता-प्रक्रिया झाली का, हे फोटोत दिसत नाही. रिमच्या मागे कोरलेलं वाचा: जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए ही जपानी मान्यतेची चिन्हं, किंवा जर्मन टीयूव्हीची मान्यता, आणि शेजारी भारक्षमता किलोंत. एका ॲक्सलवर जास्तीत जास्त ९०० किलो येत असतील तर एका रिमची क्षमता ४५० च्या वर हवीच. हा आकडाच नसेल तर ती रिम परत ठेवा, स्वस्त असली तरी, किंबहुना स्वस्त असेल तर नक्कीच.

मागे रुंद आणि पुढे अरुंद टायर लावायचा मोहही होतो. ताकदवान मागच्या चाकांच्या गाड्यांना कारखाना स्वतःच तसं देतो. पण समतोल गाडीला ते केलं की पुढची बाजू आधी सरकायला लागते आणि वळणात नाक बाहेर जातं. शिवाय टायर पुढचे मागे करून सारखे झिजवता येत नाहीत. चारही चाकांना ताकद असलेल्या गाडीत पुढच्या-मागच्या घेराचं नातं कंपनीने ठरवलं आहे तसंच ठेवायचं. ते बिघडलं तर पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा मधला डिफरन्शियल सतत झगडत राहतो आणि तापून जातो.

टायर घेताना साइडवॉलवरचा तारखेचा चार आकडी शिक्का बघा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. धूळ पुसलेला जुना टायरही नव्यासारखाच चकाकतो. देशोदेशी फेरबदलांचे नियम वेगळे आहेत, तेव्हा मडगार्डच्या बाहेर येणारं चाक चालतं का ते तपासा, आणि विमा कंपनीला नवीन माप कळवून ठेवा.

शेवटी नट. जुने नट नव्या रिमला चालतीलच असं नाही: काही रिमांची बैठक शंकूसारखी, काहींची गोलाकार, काहींची सपाट. आकार जुळला नाही तर नट घट्ट वाटतो पण टेकलेला असतो फक्त एका कडेला. आटेही बघा. जीटी ८६ टोयोटाच्या नावाने विकली गेली तरी ती सुबारूच्या जोडीने बनलेली, म्हणून तिचे आटे १२ बाय १.२५ चे (बोल्टची जाडी आणि दोन आट्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये), इतर बहुतेक टोयोटांचे १२ बाय १.५ चे. नट हाताने दोन-तीन फेरे सहज फिरला तरच पान्याला हात लावायचा. चांदणीच्या क्रमाने, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्याला टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने) आवळायचे. नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या लेपाची बुळबुळ असते, तेव्हा पहिले दोन-तीनशे किलोमीटर सांभाळून. आणि त्यातले शंभरेक झाले की गाडी थांबवा, चाकं थंड होऊ द्या, टॉर्क पाना काढा आणि सगळे नट पुन्हा एकदा तपासा. एखादा तरी पाव फेरा फिरतो.